नाशिकच्या अंगणात उंच लव्हाळा: बी पेरण्यापासून तिसऱ्या वर्षीच्या विभागणीपर्यंत

पावसाळा सरता सरता पाझर तलावाच्या, कालव्याच्या किंवा नदीच्या संथ वळणाच्या काठावर छाती-डोक्याइतक्या उंचीचे हिरवे झुबके दिसू लागतात, शेंड्यावर सोनेरी-तपकिरी तुरे घेऊन. यातले बरेचसे लव्हाळ्याच्या कुळातले. या कुळातल्या देशी पाणथळ जातींपैकी घरच्या बागेला फार मानवणारी जात म्हणजे सायपरस एक्झाल्टॅटस. या लेखात तिला ‘उंच लव्हाळा’ म्हटलं आहे. तो चार ते सहा फूट वाढतो, वर्षानुवर्षं टिकतो आणि जागच्या जागी झुबका धरून राहतो. जमिनीखालून लांब धावणारे फुटवे सोडून शेजारच्या वाफ्यात घुसत नाही. कोरियात याच जातीच्या एका प्रकारापासून प्रसिद्ध चटया विणतात. आपल्याकडे मात्र बागेत त्याला अजून कोणी फारसं विचारत नाही, आणि हे बदलायला हवं असं मनापासून वाटतं.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. ही काठाची वनस्पती आहे. मुळं कायम चिखलात, पण बुंध्याचा गड्डा पाण्याच्या पातळीला किंवा थोडा वर, आणि पानं भर उन्हात. घरी लावलेला लव्हाळा जातो तो बहुतेक दोनच कारणांनी: निचऱ्याच्या कुंडीत लावून मेमध्ये तहानेनं, नाहीतर कमळाच्या टाकीत फूटभर खोल बुडवून गुदमरून.

१. आधी ओळख पक्की करा

लव्हाळ्याचा दांडा बोटांत फिरवून बघा. तीन धारा लागतात, गवताच्या काडीसारखा गोल फिरत नाही. दांड्याला पेरं नसतात आणि पानं बुंध्यापासून तीन दिशांना निघतात. ही झाली कुळाची ओळख. कुळ ओळखता आलं म्हणजे काम झालं असं समजू नका, खरी फसगत पुढेच आहे. तीन वनस्पती तुमच्या गळ्यात मारल्या जाऊ शकतात.

पहिली, शेतातला लव्हाळा म्हणजे सायपरस रोटंडस. यालाच नागरमोथा म्हणतात. उंची फूट-दीड फूट, तुरा तांबूस-जांभळट, आणि जमिनीखाली सुवासिक काळ्या गाठींची माळ. निफाडच्या उसाच्या फडात ज्याला शेतकरी शिव्या घालतात तो हाच. एकदा बागेत शिरला की त्याच्या गाठी वेचून संपत नाहीत. रोप उपटल्यावर मुळाशी गाठ दिसली तर ते घरी आणू नका.

दुसरी, नर्सरीत ‘अम्ब्रेला पाम’ नावानं सर्रास मिळणारी, दांड्याच्या टोकाला छत्रीसारखी पानं असलेली वनस्पती. दिसायला देखणी, पण मूळची आफ्रिकेकडची. तिच्यासोबत ठेवलेला पपायरसही तिकडचाच. ‘पाण्यातला लव्हाळा द्या’ म्हटलं की नर्सरीवाला नव्वद टक्के याच पुढे करतो. देशी हवा असेल तर स्पष्ट विचारा: बुंध्याशी लांब, बोटभर रुंद पानं आहेत का? छत्रीवालीला बुंध्याशी नुसती आवरणं असतात, पातं नसतं. उंच लव्हाळ्याची पानं बुंध्यापासून निघून जवळजवळ दांड्याइतकी लांब होतात.

तिसरी, पाणकणीस. ते देशी असलं तरी लव्हाळ्याच्या कुळातलं नाही, आणि छोट्या टाकीत एका वर्षात बाकी सगळ्यांना हुसकावून लावतं.

२. बी किंवा रोप कुठून आणायचं

नांदूर मध्यमेश्वरहून आणायचं नाही. हे आधी सांगतो, कारण नाशिककराच्या डोक्यात पाणथळ म्हटलं की पहिलं नाव तेच येतं. ते अभयारण्य आहे, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची नोंद झाली, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यातून परवानगीशिवाय वनस्पती काढणं हा गुन्हा आहे. तिथल्या पाणकोंबड्या त्याच झुबक्यांच्या आडोशाला घरटी करतात, हे कारण कायद्याहूनही मोठं आहे.

ओळखीच्या शेतकऱ्याच्या विहिरीच्या पाटाकडेला, जुन्या शेततळ्याच्या सांडव्याशी किंवा खासगी जागेतल्या डबक्याच्या काठावर शोधा. मालकाला विचारा आणि शक्यतो बीच घ्या. दिवाळीच्या सुमारास तुरे सोनेरीवरून तपकिरी होतात. तुरा तळहातावर हलके चोळला की वाळूच्या कणाहून बारीक, तीन धारांचे दाणे पडले तर बी तयार आहे. न पडल्यास दोन आठवडे थांबा. दोन तुरे पुरेसे आहेत, त्यात हजारो दाणे असतात. कागदी पाकिटात सावलीत वाळवून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि बुरशी येते.

रोपच आणायचं असेल तर मुळांची माती जिथल्या तिथे पाण्यात खळबळून काढून टाका. त्या मातीबरोबर जलपर्णीचं बी आणि नागरमोथ्याच्या गाठी घरी येतात. गोदावरीत जलपर्णीनं काय केलं आहे ते सगळ्यांनी पाहिलंय.

३. सामान

- ६० ते ७० लिटरचा, तळाला भोक नसलेला काळा किंवा गडद प्लास्टिक टब
- १२ इंची कुंडी, तळाला भोकं असलेली
- काळी माती १० लिटर, जाड वाळू ४ लिटर, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत १ लिटर
- २० मिलिमीटरची खडी, साधारण तीन घमेली
- २ इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, टबाच्या उंचीहून चार बोटं जास्त
- मच्छरदाणीचा तुकडा आणि रबर
- धारदार विळा, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट

हातमोजे शोभेला लिहिलेले नाहीत. पानांच्या कडा करवतीसारख्या असतात. खाली ओढताना काही वाटत नाही, उलट दिशेनं हात गेला की कातडी फाटते.

गच्चीवर ठेवणार असाल तर वजनाचा हिशेब आधी करा. हा टब माती, खडी आणि पाण्यासह शंभर किलोच्या वर जातो. तो तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. एकदा भरल्यावर हलवता येत नाही, म्हणून जागा आधी ठरवा: दिवसाला किमान सहा तास थेट ऊन. सावलीत दांडे लांबतात, पिचतात आणि पहिल्या वाऱ्याला लोळतात.

४. माती: इथे बागेचे नियम उलटे

कोकोपीट नको. पाण्यात तरंगतं आणि कुजून पाणी काळं करतं. तयार पॉटिंग मिक्सही याच कारणानं नको. कुंडीतल्या इतर झाडांना त्रास देणारी आपली चिकण काळी माती इथे उत्तम ठरते. ती तरंगत नाही, आणि तिच्यातले बारीक चिकणकण अन्नद्रव्यं धरून ठेवतात, पाण्यात सहज सोडत नाहीत. वाळू फक्त मुळांना शिरायला वाट मिळावी म्हणून.

खताचं प्रमाण वाढवू नका. दहावा हिस्साही जास्त होईल, वर दिलेलं प्रमाण त्याहून कमी आहे. ताजं शेण तर मुळीच नको. पाण्याखाली हवा नसते, तिथे ताजं सेंद्रिय सडतं, सडक्या अंड्याचा वास येतो आणि नवी पांढरी मुळं काळी पडून गळतात. वास आला की दोष झाडात नाही, मातीत आहे, एवढं समजावं.

माती उसाच्या फडातली घेऊ नका. एकतर तिच्यात नागरमोथ्याच्या गाठी असतात. दुसरं म्हणजे तिथे नागरमोथा मारण्यासाठी हॅलोसल्फ्युरॉनसारखं तणनाशक मारलेलं असू शकतं. ते याच कुळावर काम करतं, आणि तुमचं रोप त्याच कुळातलं आहे. माती कुठलीही असो, चाळून, ओली करून तीन आठवडे उघड्यावर पसरून ठेवा. नागरमोथ्याचे कोंब असतील तर तेवढ्यात वर येतात. कोंब गाठीसकट उचला, नुसता वरून खुडू नका.

५. पेरणी

नाशिकची थंडी या झाडाच्या मुळावर उठते असं नाही, पण बी थंडीत उगवत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली उतरतं, निफाडकडे तर काही वर्षी पाचाच्याही खाली. म्हणून पेरणी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत करा. म्हणजे जूनमध्ये लावायला रोप तयार असतं.

उथळ ट्रेमध्ये वाळू आणि चाळलेली काळी माती निम्मी-निम्मी भरा, भिजवा आणि वर बी भुरभुरा. बी झाकू नका. त्याला उगवायला उजेड लागतो. अर्धा सेंटीमीटर मातीखाली गेलेलं बी तसंच पडून राहतं, आणि लोक म्हणतात बीच वाईट होतं. बी इतकं बारीक असतं की हातानं एकाच जागी पडतं. चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून टाकलं की नीट पसरतं.

वरून पाणी घालायचं नाही, झारीनंही नाही. ट्रेला खाली भोकं हवीत, आणि तो सेंटीमीटरभर पाणी असलेल्या दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवायचा. माती खालून ओल ओढते. एक ते तीन आठवड्यांत केसासारखे हिरवे कोंब दिसतात. मार्चअखेरीचं दुपारचं ऊन कोवळ्या कोंबांना सोसत नाही, तेव्हा ५० टक्क्यांची शेडनेट किंवा जुनी ओढणी बांधा. रोप बोटभर उंच होऊन चार-पाच पानं आली की तीन-तीन रोपांचा पुंजका छोट्या पिशवीत लावा. पिशव्याही पाण्याच्या ट्रेमध्येच ठेवा.

६. टब भरणं आणि लावणी

डेंग्यूच्या शहरात उघडं साठलेलं पाणी ठेवायचं नसतं. म्हणून ही पद्धत बघा. यात झाडाला भरपूर पाणी मिळतं, पण डासाला अंडी घालायला पृष्ठभागच मिळत नाही.

टबाच्या बाजूला, काठापासून पाच सेंटीमीटर खाली एक बोटभर भोक पाडा. हा सांडवा. टबाच्या तळाशी खडी किंवा विटेचे तुकडे टाकून त्यावर मातीनं भरलेली कुंडी अशी बसवा की कुंडीतली माती सांडव्याच्या पातळीला किंवा दोन सेंटीमीटर वर येईल. पाइपच्या खालच्या टोकाला चार-पाच भोकं पाडून तो एका कोपऱ्यात उभा करा. मग कुंडी आणि टब यांच्यामधली सगळी पोकळी खडीनं भरा, सांडव्याच्या दोन-तीन सेंटीमीटर वरपर्यंत. कुंडीतल्या मातीवरही खडीचा पातळ थर द्या. पाणी कायम पाइपमधून भरायचं. पाइपच्या तोंडाला मच्छरदाणी बांधा, नाहीतर सगळी मेहनत करून डासांना तिथेच घर दिल्यासारखं होईल. पातळी बघायची तर पाइपमध्ये बांबूची काडी बुडवा, ओली खूण वाचा.

लावणी जूनमध्ये, पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर करा. मोठ्या झुबक्यातून आणलेलं रोप असेल तर तीन-चार फुटव्यांचा तुकडा घ्या, पानं वीतभर ठेवून वरची कापा आणि गड्डा मातीच्या पातळीला बसवा. कापलेल्या मुळांना पानांचा मोठा पसारा पोसता येत नाही, म्हणून ही छाटणी. पहिले पंधरा दिवस पाण्याची पातळी मातीच्या पृष्ठभागापासून तीन-चार बोटं खाली ठेवा, नवी पाती दिसली की सांडव्यापर्यंत भरा.

सिमेंटची टाकी वापरणार असाल तर नवी टाकी भरून, चार-पाच दिवसांनी रिकामी करून पुन्हा भरा. असं तीनदा. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि मुळं भाजतो.

अंगणात जागा असेल तर चार फूट लांब-रुंद आणि दीड फूट खोल खड्ड्यात ५०० मायक्रॉनचा शेततळ्याचा कागद अंथरून हेच करता येतं. द्राक्षपट्ट्यात शेततळी अस्तरणारे कारागीर भरपूर आहेत, त्यांच्याकडे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. खड्ड्यातले दगड वेचा आणि कागदाखाली जुनी पोती घाला. घुशीचा वावर असेल तर त्याखाली बारीक लोखंडी जाळी लागेलच.

७. पाणी

पावसाळ्यात काहीच करायचं नाही, सांडवा तुंबला नाही ना एवढं बघा. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा भरा. खरी परीक्षा मार्चच्या मध्यापासून. खडीमुळे टबात पाण्याला जागा कमी, त्यामुळे पातळी झपाट्यानं उतरते, आणि मे महिन्यात भरल्या वाढीचा झुबका भरपूर पाणी पितो. गावाला जाणार असाल तर आठ दिवसांची सोय करून जा. माती एकदा कोरडी पडून भेगाळली की मुळं तुटतात. झुबका परत फुटतो, पण हंगाम जातो.

महापालिकेचं नळाचं पाणी चालतं. बोअरचं पाणी जड असेल तर पानांची टोकं तपकिरी होतात आणि खडीवर पांढरा थर धरतो. पाणी उडून जातं, क्षार टबातच राहतात. अशा वेळी उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पाइपमधून भरपूर पाणी सोडून सांडव्यातून जुनं वाहू द्या. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी इथे वापरू नका, त्यात क्षार आणखी दाट असतात. पाणी वाचवण्याची इच्छा चांगली, पण हे झाड त्यासाठी चुकीचं आहे.

उघडं तळं आधीच असेल तर झुबका काठाच्या उथळ पायरीवर, गड्डा पाण्याच्या पातळीला किंवा थोडा वर येईल असा ठेवा. डासांसाठी गप्पी मासे सोडले असतील तर ते मासे किंवा तळ्याचं पाणी नदी-नाल्यात कधीही ओतू नका. गप्पी परदेशी आहेत आणि स्थानिक छोट्या माशांच्या जागा बळकावतात. मासे नको असतील तर बीटीआय हे जिवाणूजन्य अळीनाशक पाकिटावरच्या प्रमाणात वापरा.

८. खत आणि छाटणी

खत वर्षातून दोनदा: मार्चमध्ये आणि जुलैअखेर. मूठभर गांडूळखत वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून गड्ड्यापासून वीतभर दूर, चार इंच खोल चिखलात दाबा. पाण्यात युरिया टाकला की हिरवं शेवाळ माजतं आणि लव्हाळ्याच्या वाट्याला काही येत नाही. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडून नवी फिकट येत असतील तर नत्र कमी आहे, अशा वेळी सप्टेंबरमध्ये आणखी एक पुडी द्या. फक्त टोकं तपकिरी असतील तर ते क्षाराचं लक्षण आहे, खत देऊ नका.

छाटणी वर्षातून एकदाच, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. डिसेंबरमध्ये पानं तांबूस पडतात तेव्हा अनेकांचा हात शिवशिवतो. थांबा. वाळकी पानं थंडीत गड्ड्याला पांघरूण देतात. शिवाय या झाडाच्या दांड्यात आणि पानात हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतूनच चिखलातल्या मुळांना प्राणवायू पोचतो. वाळलेला दांडासुद्धा हे काम काही काळ करतो. यातूनच छाटणीचा सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो: काप कायम पाण्याच्या पातळीच्या वीतभर वर. पाण्याखाली कापलं तर दांड्यात पाणी भरतं, मुळं गुदमरतात आणि चांगला झुबका कुजू शकतो.

कापलेली पाती फेकू नका. आंब्या-चिकूच्या आळ्यात आच्छादन म्हणून छान चालतात. तुरे आधी वेगळे करा, नाहीतर त्या आळ्यात शेकडो रोपं उगवतील.

९. काय बिघडतं

- *मावा:* फुलोऱ्याच्या खालच्या कोवळ्या भागावर, ढगाळ हवेत. पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन काढा. माशांचं तळं असेल तर कीटकनाशक बिलकुल नको.
- *लालकोळी:* एप्रिल-मेमध्ये पानांवर बारीक पांढुरके ठिपके. पानांच्या खालच्या बाजूनं संध्याकाळी पाणी मारा.
- *लोळणं:* सावली किंवा जास्त नत्र. काठी बांधून उपयोग नाही, कारण दूर करा.
- *अचानक पिवळं पडून मान टाकणं:* शेजारी तणनाशक मारलंय का विचारा.

बागेच्या कडेला तुम्ही स्वतः टू-फोर-डी हे तणनाशक मारू नका. त्याच्या वाफेनं आणि उडालेल्या तुषारांनी शेजारची द्राक्षबाग वाकडीतिकडी होते, वेलीला ते फार लागतं.

१०. बी कुठवर जातं, आणि तिसरं वर्ष

देशी असलं तरी बी भरपूर पडतं. तुमची जागा त्र्यंबक, पेठ किंवा इगतपुरीकडे भातखाचराला लागून असेल तर तुरे सोनेरी असतानाच, तपकिरी होण्याआधी कापा. भाताच्या रोपवाटिकेत लव्हाळ्याच्या कुळातली तणं आधीच पुरेशी आहेत. शहरात ही काळजी कमी. तिथे निम्मे तुरे डिसेंबरपर्यंत राहू द्या. मुनिया दाणे टिपायला येतात, आणि वाळकी लांब पाती घरट्यासाठी ओढून नेतात.

दोन-तीन वर्षांनी झुबका मधून पोकळ होतो: कडेला हिरवा, आत वाळका. फेब्रुवारीच्या छाटणीनंतर लगेच कुंडी बाहेर काढा. पाणी आधी दोन दिवस कमी होऊ द्या, नाहीतर उचलणार नाही. गड्डा जुन्या करवतीनं किंवा कुदळीनं चार भागांत कापा, मधला वाळका भाग टाका आणि कडेचा एक जोमदार तुकडा नव्या मातीत लावा. उरलेले तुकडे ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवले तर चार-पाच दिवस टिकतात, तेवढ्यात ज्यांना हवेत त्यांच्याकडे पोचवा. देताना सांडव्याची पातळी आणि वीतभर उंच काप या दोन गोष्टी चिठ्ठीवर लिहून द्या.